पिन मारलेलं शेवटचं प्रकरण

वाचनालय चालवणाऱ्याचं एक असतं. पुस्तकं कमी होत जातात आणि किस्से वाढत जातात. पुस्तक कुणी प्रवासात विसरतं, कुणी घर बदलताना बांधून नेतं. किस्सा मात्र कुणी नेत नाही, तो माझ्याकडेच पडून राहतो!

माझं दुकान हैदराबादेत, बरकतपुऱ्यात. पुढे वह्या-पेनं, बाजूला झेरॉक्स मशीन, मागच्या भिंतीला वाचनालय. माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही मराठीतून. इंग्रजी शिकलो ते दुकानातल्या मालावर, मांडीवर डिक्शनरी ठेवून. किराणावाला गूळ चाखून विकतो ना? तसं मी पुस्तक चाखल्याशिवाय कप्प्यात लावत नाही.

हे किस्से राज्याच्या वाटणीच्या दोन-तीन वर्षांतले. मोठी माणसं तेव्हा तेलंगणा आणि आंध्र यांखेरीज दुसरं बोलत नव्हती. पोरांना मात्र वेगळंच वेड लागलं होतं. इंग्रजी थरारक मालिका! पाच-सहा भाग, सोळा-सतरा वर्षांची पात्रं, एखादी मैत्रीण गायब आणि उरलेल्यांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय. खूनखराबा थोडा, सगळी मारामारी मनाच्या आत. त्यातल्या हातचलाख्या ठरलेल्या असतात. चार पुस्तकं वाचली की ओळखू येतात. पण त्या एक-एक करून माझ्याच काउंटरवर खऱ्या होतील, असं काही मला वाटलं नव्हतं.

* * *

आधी पिनांचं सांगतो.

आमच्याच बिल्डिंगमध्ये, दुकानाच्या वर, वकीलसाहेब राहतात. तीन पिढ्यांची वकिली, घर मराठी, बोलणं निम्मं उर्दू. त्यांना एक खोड. पुस्तक हातात आलं की उभ्या-उभ्या शेवटचं पान वाचायचं! आणि वाचून गप्प बसतील तर ते वकील कसले?

एकदा दुकानात सात-आठ पोरं पुस्तकासाठी नंबर लावून उभी. वकीलसाहेबांनी नवा भाग उचलला, मागून उघडला आणि कोर्टात बोलावं तसं बोलले, "घ्या! बहिणीनंच केलंय!"

त्यांचीच नात संयुक्ता रडवेली झाली. तेव्हा नववीत होती. "आजोबा, तुम्ही आमचा महिना खराब केलात!"

त्या दिवसापासून मी शेवटचं प्रकरण पिना मारून द्यायला लागलो. वर एक, मध्ये एक, खाली एक. सोबत एक कोरी चिठ्ठी. पिना काढायच्या आधी चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहायच्या: कोण? आणि का? चिठ्ठी पुस्तकाच्या मागच्या पाकिटात टाकायची, मगच पिना काढायच्या. पुस्तक परत आलं की मी पुन्हा पिना मारायचो.

प्रत्येक चिठ्ठीच्या पाठीवर मी त्या दिवसाच्या तारखेचा शिक्का मारून द्यायचो. माणशी एकच चिठ्ठी. नाहीतर पोरं दहा चिठ्ठ्या नेतील, दहा नावं लिहितील आणि म्हणतील, "अंकल, मैं बोली थी ना!"

वकीलसाहेबांनी पहिलं पिन मारलेलं पुस्तक हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि खाली ठेवलं. म्हणाले, "सेठ, पन्नास वर्षं वकिली केली. आज पहिल्यांदा पुरावा सीलबंद पाहिला!"

* * *

पहिली मालिका मी चाखायला घेतली तेव्हाची गोष्ट. एक मुलगी गोष्ट सांगते. मी, मी, मी. माझं असं झालं, माझं तसं झालं. मला तिची दया आली. अडीचशे पानं मी तिच्या बाजूनं. आणि शेवटी कळतं काय, तर बाईसाहेब पहिल्या पानापासून थापा मारत होत्या!

मी तडक कोटीच्या पुस्तकबाजारात गेलो. तिथल्या बशीरभाईंकडून मी माल उचलतो. पुस्तक त्यांच्या पुढ्यात ठेवलं. "भाई, माल खराब निकला. बोलनेवाली खुदइच झूटी है!"

बशीरभाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सेठ, वोइच तो माल है! सच बोलनेवाली की किताब बच्चे छूते बी नईं."

परत येताना विचार करत होतो. खोटं बोलणाऱ्याचं पुस्तक एवढं का खपतं? मग वाटलं, ती मुलगी वाचणाऱ्याला कुठे फसवत होती? जे तिला सहन होत नव्हतं, ते तिनं स्वतःलाच सांगितलं नव्हतं. तेव्हापासून दुकानात कुणी फार ठासून "मला काही फरक पडत नाही" म्हटलं, की माझे कान टवकारतात.

* * *

दुसरी हातचलाखी म्हणजे प्रकरणाचा शेवट. दार उघडलं, आत कोण होतं? संपलं प्रकरण! पुढचं वाचल्याशिवाय जेवण जात नाही. अंबरपेठहून सायकलवर येणारी रम्या नावाची मुलगी होती, तोंडानं तिखट. ती वाचत-वाचत सायकल चालवायची आणि आठवड्याला एकदा कुणाच्या तरी भाजीच्या गाडीवर जायची.

मी वकीलसाहेबांना विचारलं, "ही युक्ती या लेखकांनी शोधली कुठून हो?"

"आमच्याकडूनच," ते म्हणाले. "साक्षीदार खरं बोलायला तोंड उघडतो, आणि जजसाहेब म्हणतात, पुढची तारीख!"

* * *

आता ज्यांच्यासाठी हे सांगायला बसलो, त्या दोघी.

एक संयुक्ता. दुसरी लावण्या. लावण्याचे आईवडील गुंटूरकडचे, वडील सेक्रेटरिएटमध्ये नोकरीला. पण मुलगी जन्मली, वाढली इथेच. दोघी एका बाकावर. एका डब्यात जेवायच्या, एक पुस्तक दोघींत वाचायच्या. एकीनं डावं पान, दुसरीनं उजवं. पिना काढताना एक पुस्तक धरायची, दुसरी पिना उचकटायची. चिठ्ठीसुद्धा एकच, खाली दोन नावं.

एका मालिकेनं त्यांना झपाटलं होतं. सहा भागांची. डोंगरातली शाळा, सहा मैत्रिणी, त्यातली एक गायब. प्रत्येक भाग वेगळी मैत्रीण सांगते आणि जी ती काहीतरी लपवते. सहावा भाग यायचा होता. तो म्हणे, गायब झालेली स्वतः सांगणार.

"काका, सहाव्याला आमचा नंबर पहिला लावा," संयुक्ता म्हणाली.

"नाव कुणाचं लिहू?"

"कुणाचंही लिहा. एकच आहे."

मी लावण्याचं लिहिलं. ती जवळ उभी होती म्हणून, दुसरं काही कारण नाही.

* * *

अशा मालिकांत एक संशयित माणूस असतोच. अंधारात उभा, कॉलर वर केलेली. वाचणाऱ्याला वाटतं, हाच तो! आणि नेमका तो नसतो.

राज्य वेगळं झालं त्या पावसाळ्यात माझ्या दुकानातही असा एक आला. भर दुपारी यायचा, हेल्मेट काढायचा नाही. तेच-तेच कागद झेरॉक्स करायचा. बिघडलेली प्रतसुद्धा घडी करून खिशात घालायचा. रम्यानं वहीत लिहून ठेवलं, 'संशयित नंबर एक.' पोरांनी पहारेच लावले!

एके दिवशी तो घाईत गेला आणि झेरॉक्स करणारे सगळे विसरतात तेच विसरला. मूळ कागद काचेवर राहिला. मागून संयुक्ता नोट्स घेऊन आली. तिनं मशीनचं झाकण उचललं. वाचलं आणि तशीच उभी राहिली.

शाळेचा दाखला होता, गुंटूरकडच्या शाळेचा. त्याखाली सरकारी नोकरांनी भरायचा ऑप्शनचा फॉर्म. या राज्यात राहणार की त्या? नाव लावण्याच्या वडिलांचं.

तेवढ्यात ते धावत परत आले. हेल्मेट काढलं. घामानं डबडबलेले. संयुक्ता कपाटामागे सरकली होती, ती त्यांना दिसली नाही. मला हात जोडून म्हणाले, "सार, अम्मायिकि चेप्पकंडी." पोरीला सांगू नका. मग हिंदीत, "चौबीस साल इधर सर्विस किया. अब सबूत देना है, मैं किधर का."

ते गेले. संयुक्तानं नोट्स मशीनवर ठेवल्या, झेरॉक्स न करताच वर गेली.

रम्यानं दुसऱ्या दिवशी विचारलं, "अंकल, सस्पेक्ट क्यूं नईं आया?"

मी म्हटलं, "उसका नाम काट दे, बेटा."

* * *

नंतरचे काही दिवस मी काउंटरवरून पाहत होतो. संयुक्ता रोज विचारायची, "काही सांगायचंय का तुला?"

लावण्या म्हणायची, "नईं तो. क्या?"

लावण्याला सगळं माहीत होतं. आईनं तिला शपथ घातली होती, ऑर्डर हातात येईपर्यंत बाहेर बोलायचं नाही. हे मला फार उशिरा कळलं. बाप पोरीपासून लपवतोय, पोरगी मैत्रिणीपासून, आणि मैत्रिणीला ते ठाऊक आहे! पुस्तकात असतं तर मी म्हटलं असतं, फार ताणलंय.

मग एक दिवस निनावी चिठ्ठी आली. ही पण ठरलेली हातचलाखी.

ज्या पुस्तकांना नंबर लागलेला असतो, ती मी काउंटरवरच्या उघड्या कप्प्यात ठेवतो. लावण्याचं पुस्तक तिथं होतं. तिनं ते नेलं आणि तासाभरात परत आली. चेहरा पांढरा. "अंकल, ये मेरे कू पाकिट में मिला."

माझ्या दुकानातलीच चिठ्ठी. त्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. मी मराठीत सांगतो: 'जायचंय तर जा. इथं कुणाला काही फरक पडत नाही.'

ते दिवस कसे होते बघा. गुंटूरकडच्या माणसाच्या घरात असा कागद गेला, तर त्याचा एकच अर्थ लागणार. सारं गाव म्हणतंय, निघा!

मी म्हटलं, "दे बेटा, मी फाडून टाकतो."

"नईं अंकल." तिनं चिठ्ठी माझ्या हातातून घेतली आणि कंपासपेटीत ठेवली. पण त्याआधी मी ती उलटी करून पाहिली होती. सवयच ती. शिक्का पाहिल्याशिवाय मी चिठ्ठी खाली ठेवत नाही.

शिक्का नव्या सरकारनं केलेल्या घरोघरच्या सर्व्हेच्या दिवसाचा. तो दिवस हैदराबादचा माणूस विसरणार नाही. सारं शहर घरात बसून गणना करणाऱ्यांची वाट पाहत होतं. बस नाही, ऑटो नाही, दुकानं बंद. माझंही शटर खाली. त्या दिवशी माझ्याकडून एकच पुस्तक गेलं होतं, एकच चिठ्ठी. मागच्या दारानं. वरच्या मजल्यावर.

* * *

चिठ्ठीची बातमी पोरांत पोचलीच, आणि त्यांनी आपला तपास केला. पुस्तकं वाचून-वाचून तपासात पटाईत झालेली! रम्याच्या दप्तराला तेलंगणा आंदोलनातली रिबीन बांधलेली असायची. रोज घोषणा द्यायची. झालं, संशय तिच्यावर. कुणी तोंडावर म्हणालं नाही, पण शाळेत बाकावर तिच्याशेजारी कुणी बसेना. ती दुकानात यायची बंद झाली.

मी संयुक्ताला दुपारी बोलावलं. चिठ्ठीचा विषय काढला नाही. म्हटलं, "बस. तुला आमच्या घरची एक गोष्ट सांगतो."

राज्यांची वाटणी या शहरानं आधी एकदा पाहिली आहे. निजामाचं राज्य गेलं, मग भाषेवरून हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. माझे थोरले काका तेव्हा सरकारी नोकरीत होते. ते मराठी मुलखाकडे गेले, औरंगाबादला. माझे वडील इथं राहिले. जाण्याचं दुःख नव्हतं, नोकरीच ती. पण काकांनी जाण्याच्या कागदावर सही केली ती घरात सांगून नाही. वडिलांना दुसऱ्याच माणसाकडून कळली. निरोप द्यायला वडील स्टेशनवर गेले नाहीत. उलट म्हणाले, "जातोय तर जाऊ दे. मला काय फरक पडतो?"

"मग?" संयुक्तानं विचारलं.

"अकरा वर्षं पत्र नाही. काका वारल्याची तार आली, तेव्हा वडील रात्रीतून औरंगाबादला गेले. काकांच्या पेटीत वडिलांना लिहिलेली सतरा पत्रं निघाली. एकही टाकलं नव्हतं."

संयुक्ता बराच वेळ काउंटरवरच्या शिक्क्याकडे पाहत होती. मग तिनं विचारलं, "काका, तुम्हाला तारखेवरून कळलं ना?"

मी शिक्का उचलून खणात ठेवला.

"ती मला सांगतच नव्हती," ती म्हणाली. "रोज विचारलं. रोज नाही म्हणाली." आणि मग रडली. पोरगी तशी धीराची, पण रडली.

त्याच संध्याकाळी ती आजोबांना घेऊन अंबरपेठला गेली, रम्याच्या घरी. दारातच सांगून टाकलं, "ती चिठ्ठी मी लिहिली."

वकीलसाहेबांनी नंतर मला सांगितलं. रम्यानं आधी दोघांना बसायला सांगितलं. मग म्हणाली, "मेरे कू मालूम था मेरे पे आएगा. किताब में बी पैला शक मेरे जैसी पेइच आता!" आणि आत जाऊन दोघांना चहा घेऊन आली.

उरली लावण्या. तिच्यापुढे मात्र संयुक्ताचं तोंड उघडेना. सहामाही गेली, वार्षिक आली. दोघी एका बाकावर बसायच्या, डबा वेगवेगळा. आणि परीक्षा संपल्यावर एक दिवस लावण्याच्या दारात सामानाचा ट्रक आला. निघताना लावण्या दुकानात आली, विजयवाड्याचा नवा पत्ता दिला, माझ्या पाया पडली, वर जिन्याकडे एकदा पाहिलं. जिन्यात कुणी नव्हतं. गाडी गेल्यावर मी वर गेलो, तर संयुक्ता जिन्याच्या वळणावर बसलेली.

"काका, मी पण स्टेशनवर गेले नाही," ती म्हणाली.

* * *

सहावा भाग जूनमध्ये आला.

बशीरभाईंनी एकच प्रत दिली. मी नंबरची वही उघडली. पहिलं नाव लावण्या. संयुक्ता समोर उभी होती. म्हटलं, "आता तूच ने. एकच आहे म्हणाली होतीस."

"नाही काका. नाव तिचं आहे. तिला पाठवा."

मी शेवटच्या प्रकरणाला तीन पिना मारल्या. वर, मध्ये, खाली. कोऱ्या चिठ्ठीवर शिक्का मारला, पाकिटात ठेवली आणि पार्सल विजयवाड्याला पाठवलं. संयुक्तानं पत्ता लिहिला. आत काही लिहून टाकायला मी सांगितलं, तर मान हलवून नाही म्हणाली.

एक महिना गेला. दोन गेले. बाकीची पोरं कावली. रम्या रोज सायकल थांबवून ओरडायची, "अंकल, किताब बी उधर का ऑप्शन दे दी क्या?"

संयुक्ता काही विचारायची नाही. फक्त पोस्टमन यायच्या वेळेला तिला नेमकं पेन विकत घ्यायचं असायचं. तिच्याकडे तेव्हा वीसएक पेनं जमली असतील.

अडीच महिन्यांनी पार्सल परत आलं. वकीलसाहेब आणि संयुक्ता दोघंही दुकानात होते. मी सुतळी कापली. पुस्तक वाचलेलं होतं, पानं फुगलेली, एका पानावर लोणच्याच्या बोटाचा ठसा. पण शेवटच्या प्रकरणाला तिन्ही पिना जशाच्या तशा. माझ्या हातच्या पिना मी ओळखतो.

मागच्या पाकिटात मी पाठवलेली चिठ्ठी कोरीच होती. तिच्यासोबत दुसरी एक, जुनी, चार घड्या घातलेली. मी ती न उघडता संयुक्ताच्या हातात दिली.

तिनं उघडली. मोठी इंग्रजी अक्षरं. 'जायचंय तर जा. इथं कुणाला काही फरक पडत नाही.' तिनं ती उलटी केली. माझा सर्व्हेच्या दिवसाचा शिक्का आणि त्याभोवती लाल पेनाचा गोल. खाली चार ओळी, त्याही इंग्रजीतच. ती हळूच वाचत होती, पण दुकानात दुसरा आवाज नव्हता.

'कोण? ते मला त्याच दिवशी कळलं होतं.
का? मी आधी सांगितलं नाही म्हणून.
पिना मी काढलेल्या नाहीत. पुस्तक कोण धरणार?
कधी येतेस?'

वकीलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

संयुक्तानं चिठ्ठीच्या चार घड्या पूर्वीच्याच रेघांवर घातल्या. मग मला म्हणाली, "काका, पिना काढायचा तुमचा तो चिमटा द्या."

मी चिमटा दिला आणि पुस्तक तिच्यापुढे उघडून धरलं. तिनं ते माझ्या हातातून घेतलं, बंद केलं आणि दप्तरात ठेवलं. चिमटा वरच्या खणात ठेवून चेन लावली.

"इथं नाही," ती म्हणाली.

वकीलसाहेब दप्तराकडे पाहत होते. आयुष्यात एकाही पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचल्याशिवाय ज्याला राहवलं नाही, तो माणूस. त्यांनी घसा खाकरला आणि माझ्याकडे वळून विचारलं,

"सेठ, विजयवाड्याची सकाळची गाडी काचीगुड्याहून मिळते, का सिकंदराबादला जावं लागेल?"